खाडीपलीकडच्या वाडीत वीज टिकवायची कशी: केबल, सौर आणि दुरुस्तीचा हिशेब

दापोली तालुक्यात, तिन्ही बाजूंनी खाडीचे पाणी असलेल्या ४५ घरांच्या वाडीतून तुमचा प्रश्न आला आहे. वाडीत वीज आहे, पण पावसाळ्यात एकदा गेली की तीन-तीन दिवस येत नाही. निसर्ग वादळानंतर तर महिना उलटला तरी खांब उभे राहिले नव्हते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. वळवाची साधी सर आली तरी लाईट का जाते? घारापुरीला नेली तशी पाण्याखालून केबल आपल्याला मिळेल का? आणि ते होणार नसेल तर सगळ्या वाडीने मिळून सौर केले तर सुटका होईल का?

माझी सगळी नोकरी कोकणात वीज वितरणात गेली, सबस्टेशनच्या शिफ्टपासून विभागाच्या जबाबदारीपर्यंत. त्यावरून एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या वाडीला वीज कुठून आणायची यापेक्षा, बिघाड झाल्यावर तो कोण, किती तासांत आणि कोणत्या सामानाने काढणार, हे आधी ठरायला हवे. ते ठरले नसेल तर केबल घ्या नाहीतर सौर घ्या, पाच वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारायची वेळ येईल.

वळवाच्या सरीपासून सुरुवात करतो, कारण पुढचे बरेचसे त्यावरच उभे आहे.

नोव्हेंबर ते मे समुद्राकडून खारा वारा सुटलेला असतो. त्यातले मीठ खांबावरच्या पांढऱ्या किंवा तपकिरी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणाऱ्या तुकड्यावर, बसत राहते. त्यावर रस्त्याची लाल धूळ चिकटते. सहा महिने पाऊस नाही, म्हणजे धुऊन निघायची सोय नाही. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, त्यामुळे उन्हाळाभर कोणाला काही कळत नाही. मग मेच्या शेवटी एखाद्या संध्याकाळी ढग येतात, चार थेंब पडतात, नुसती झिमझिम होते. मीठ भिजते, पण वाहून जात नाही. इन्सुलेटरच्या अंगावर खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यातून करंट सरपटत खांबाकडे जायला लागतो. रात्री खांबाजवळून गेलात तर सर्र असा आवाज येतो, कधी निळसर ठिणगी इन्सुलेटरच्या कडेवरून फिरताना दिसते. थोड्या वेळात ती पूर्ण पलीकडे पोचते आणि सबस्टेशनमध्ये फिडर, म्हणजे तिथून गावांकडे निघणारी लाईन, ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ऑपरेटर पुन्हा चालू करतो, पुन्हा ट्रिप. धो धो पाऊस लागला की इन्सुलेटर धुऊन निघतात आणि हा त्रास आपोआप थांबतो. म्हणून जुलैतल्या मुसळधार पावसात टिकणारी लाईन मेमधल्या भुरभुर पावसाला बसते. थंडीत पहाटे दव पडते तेव्हाही हेच होते. लोकांना वाटते, एवढ्याशा पावसाला घाबरून वीज मुद्दाम बंद केली. तसे नसते.

यावर इलाज आहे. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून करंटला जितके लांब अंतर कापावे लागेल तितका तो खारवटपणा सोसतो. सर्वसाधारण भागात दर किलोव्होल्टला १६ ते २० मिलिमीटर अंतर पुरते; समुद्रकाठच्या अति प्रदूषित वर्गासाठी ते ३१ मिलिमीटर धरायची पद्धत आहे. ११ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाईनचा कमाल दाब १२ केव्ही धरला तर सुमारे ३७० मिलिमीटर होतात. देशावर चालणारा पिन इन्सुलेटर किनाऱ्यावर लावला की तो इथे अपुरा पडतो. पॉलिमरचे, जास्त पाळ्यांचे इन्सुलेटर घेतले तर पाणी त्यावर थर न धरता थेंबाथेंबाने राहते आणि फरक लगेच दिसतो. तुमच्या वाडीकडे येणाऱ्या लाईनवर कोणते इन्सुलेटर आहेत, हे शाखा अभियंत्याला विचारा. सगळी लाईन बदलायची गरज नाही. खाडीच्या तोंडाशी, वारा थेट लागतो तेवढे वीस-पंचवीस खांब बदलले तरी पुष्कळ होते. आणि जोवर बदलले जात नाहीत तोवर मेच्या पहिल्या पंधरवड्यात शटडाऊन घेऊन ते ओल्या फडक्याने पुसून घेणे हेही काम आहे. कंटाळवाणे आहे, पण त्याने पहिल्या पावसाच्या आठवड्यातले निम्मे ट्रिपिंग वाचलेले मी पाहिले आहे.

मीठ इन्सुलेटरवरच थांबत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या लाईनची तार ॲल्युमिनियमची, आतून पोलादाचा गाभा असलेली असते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे आतल्या आत गंज सुरू. बाहेरून तार चांगली दिसते आणि एके दिवशी वाऱ्याला तुटते. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात पूर्ण ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार वापरावी, तिच्यात हा गाभाच नसतो. लोखंडी खांब जमिनीलगत सडतो. सिमेंटच्या खांबाला भेग पडली की आतली सळई गंजून फुगते आणि सिमेंटचे पोपडे सुटतात. असे खांब वाडीतल्या लोकांना रोज दिसतात, अभियंत्याला वर्षातून एकदा. त्यांचे फोटो काढून खांबाच्या नंबरासकट कळवत जा.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. एका घरात बल्ब एकदम लखलखायला लागला आणि शेजारच्या घरात तो मिणमिणता झाला, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटला आहे. खाऱ्या हवेत तांब्या-ॲल्युमिनियमचा सांधा पांढरी भुकटी धरून कुजतो, आणि न्यूट्रलचा सांधा कुजला की घरात २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. टीव्ही, फ्रिज, पंखे एका मिनिटात जातात; उघड्या धातूला हात लागला तर माणूसही जाऊ शकतो. अशा वेळी वायरमनची वाट न पाहता मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, मग १९१२ ला फोन करा. नळपाणी योजनेच्या पंपाचेही तसेच. तीनपैकी एक फेज गेलेला असताना कोणी घाईने पंप चालू केला की मोटार जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाचे छोटे उपकरण पंपाच्या पॅनेलमध्ये आहे का, आणि कोणी त्याला बगल देऊन वायर जोडली नाही ना, एवढे बघून घ्या. बहुतेक गावांत ती बगल दिलेली असते.

अर्थिंगचाही इथे वेगळा त्रास आहे. जांभा आणि कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असतो, त्यात पुरलेली अर्थिंगची पट्टी नावापुरती राहते. मग वीज कडाडली की लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे आभाळातली वीज जमिनीत उतरवणारे उपकरण, तिला जमिनीत सोडू शकत नाही आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळते. अर्थिंगचा खड्डा सड्यावर न घेता विहिरीच्या किंवा व्हाळाच्या अंगाला घ्यावा, तिथून पट्टी ओढून आणावी. थोडी पट्टी जास्त लागते, पण रोहित्र वाचते.

आता लांबीचा मुद्दा. जिल्ह्यात वीज कमी आहे म्हणून तुम्ही अंधारात नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. जयगडला १२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. पण ती वीज मोठ्या दाबाने राज्याच्या जाळ्यात जाते आणि तिथून २२०, १३२, ३३, ११ केव्ही अशी पायऱ्या उतरत तुमच्याकडे येते. शेवटच्या पायरीवर तुम्ही आहात. तुमचा ११ केव्ही फिडर डोंगर, कलमबागा, खाजण असा पंचवीस-तीस किलोमीटर फिरून येत असेल, तर त्यावरचा कुठलाही एक खांब, एक फांदी, एक वानर तुमची वीज घालवू शकते. आणि वादळानंतर दुरुस्तीचा क्रम ठरलेला असतो. आधी मोठी लाईन, मग सबस्टेशन, मग मुख्य फिडर, दवाखाना, पाणीपुरवठा, आणि सगळ्यात शेवटी टोकाची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. पुढच्या मेमध्ये तौक्ते आले, जुलैत चिपळूणला महापूर आला आणि उपकेंद्रेच पाण्याखाली गेली. अशा वेळी त्या क्रमाला मी अन्याय म्हणणार नाही. मीही तोच लावला असता. पण म्हणूनच टोकाच्या वाडीकडे पहिले आठ-दहा दिवस स्वतःच्या पायावर काढायची सोय हवी, असे माझे ठाम मत आहे.

फिडर लांब असला तरी त्याचे तुकडे करता येतात. मध्ये दोन-तीन ठिकाणी एबी स्विच (लाईनचा तुकडा हाताने तोडायचा खांबावरचा स्विच) किंवा ऑटो रिक्लोजर (बंद पडलेली लाईन आपोआप पुन्हा चालू करून पाहणारा स्विच) असले, आणि फॉल्ट, म्हणजे बिघाड, कुठल्या बाजूला आहे हे दाखवणारे लुकलुकणारे दिवे तारेवर बसवले, तर लाईनमनला तीस किलोमीटर चालत शोध घ्यावा लागत नाही. रात्री, पावसात, टॉर्च घेऊन कलमबागेतून पेट्रोलिंग करणारा माणूस ताशी किती चालणार? तुमच्या तीन दिवसांतले किमान दीड दिवस फॉल्ट सापडण्यात जात असणार. प्रत्यक्ष दुरुस्ती बहुधा तासा-दोन तासांची असते.

झाडांबद्दल बोलल्याशिवाय कोकणातल्या विजेचे बोलणे पुरे होत नाही. मेच्या मध्यावर लाईनवरच्या फांद्या तोडायला माणसे येतात तेव्हा कलमावर आंबा लटकत असतो. बागायतदार तोडू देत नाही, आणि का द्यावा? वर्षाचे पीक आहे ते. मग भांडण, पंचायत, तोवर पाऊस येतो आणि तीच फांदी लाईनवर पडते. यातून मार्ग काढलेला मी पाहिला आहे तो असा: आंबा उतरला की कोणती फांदी घ्यायची हे बागायतदाराने स्वतः दाखवायचे, त्याच्याच गड्याने ती आपल्या हाताने सुबक कापायची आणि मजुरी वीज कंपनीने द्यायची. अंगणातल्या माडांच्या झावळ्यांसाठी उघड्या तारा काढून त्या जागी एबी केबल, म्हणजे एकत्र पिळलेल्या इन्सुलेटेड तारा टाकायच्या. झावळी तिच्यावर पडली तरी वीज जात नाही. ११ केव्हीला जिथे बागेतूनच जावे लागते तेवढ्या टप्प्यात आवरण असलेली तार घ्यावी. खर्च जास्त आहे, तो टप्प्यापुरता करावा.

आता केबल. घारापुरीचे उदाहरण सगळे देतात, म्हणून ते नीट पाहू. मुंबई बंदरात असूनही त्या बेटाला फेब्रुवारी २०१८ पर्यंत जाळ्यातली वीज नव्हती. संध्याकाळी तीनेक तास डिझेल जनरेटर चालायचा. मग उरणच्या बाजूने सुमारे साडेसात किलोमीटर २२ केव्हीची केबल समुद्रतळातून नेली गेली आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्यांना वीज मिळाली. खर्च सुमारे २५ कोटी, घरगुती ग्राहक दोनशेच्या आसपास. म्हणजे घरामागे बारा लाखांच्या वर. तिथे जागतिक वारशाची लेणी आहेत, रोज पर्यटकांच्या बोटी लागतात, शिवाय इतक्या वर्षांचा अनुशेष होता. तो खर्च योग्यच झाला. तुमच्या ४५ घरांचा वापर महिन्याला घरटी ६० युनिट धरला तर २७०० युनिट होतात. त्याच्या बिलातून केबलच काय, लाईनची देखभालही निघत नाही. म्हणून हा पैसा नेहमी सरकारी निधीतूनच येणार आणि तो मागताना आकडे नीट मांडावे लागणार.

तुमच्या बाबतीत दिलासा एवढाच की तुम्हाला समुद्र ओलांडायचा नाही. खाडी तुमच्याकडे सहाशे-सातशे मीटर असेल. तिथे चार पर्याय असतात. दोन्ही काठांवर उंच मनोरे उभारून तार वरून नेणे. हे स्वस्त, पण उधाणाच्या भरतीला मचव्याच्या डोलकाठीपासून पुरेसे अंतर ठेवावे लागते आणि वाऱ्याचा सगळा मारा त्या दोन मनोऱ्यांवर. दुसरा, तळावर चिलखती केबल टाकून ती गाळात पुरणे. तिसरा, खाडीतळाच्या खालून ड्रिल मारून पाइप घालणे आणि त्यातून केबल ओढणे. आणि जवळपास पूल होणार असेल तर केबल पुलाच्या अंगानेच नेणे, हा सगळ्यांत उत्तम. पुलाचा आराखडा मंजूर होण्याआधीच त्यात केबलसाठी नळी धरायला सांगा. नंतर कोणी भोक पाडू देत नाही.

तळावरची केबल समुद्रामुळे क्वचित बिघडते. ती बिघडते नांगराने, ट्रॉलरच्या जाळ्याच्या फळ्यांनी, आणि रेतीच्या ड्रेजरने. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे भरती-ओहोटीच्या मधला पट्टा. तिथे ती दिवसातून दोनदा ओली-कोरडी होते, लाटांनी खडकावर घासते, आणि पोलादी चिलखत गंजते. त्यामुळे दोन्ही काठांवर तेवढी केबल जाड पाइपातून, खोल चरातून न्यावी. पाण्याखाली सांधा शक्यतो ठेवू नये. तीन फेजसाठी तीन सुट्या केबल टाकत असाल तर चौथी राखीव टाकावी. एक निकामी झाली तर चौथी जोडून त्याच दिवशी वीज देता येते, नाहीतर सांधा करणारे तज्ज्ञ, बार्ज आणि शांत समुद्र हे तिन्ही जुळेपर्यंत दिवाळी उजाडते. परवानग्यांचा वेळही धरा. सागरी मंडळ, किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी, आणि मध्ये कांदळवन असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. काठावरची जागा निवडतानाच कांदळवन टाळले तर वर्ष वाचते.

थोडक्यात, केबल तुम्हाला मिळू शकते, पण ती फक्त खाडीचा टप्पा सांभाळेल. पलीकडचे तीस किलोमीटर तसेच राहतील. केबल झाल्यावरही तीन दिवस अंधार राहिला म्हणून लोक चिडलेले मी पाहिले आहेत.

सौर. इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण यात गैरसमज फार आहेत.

पहिला गैरसमज छतावरच्या पॅनेलचा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक-दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, म्हणून तुमच्या वाडीतही कोणी बसवले असेल. त्याने बिल कमी होते, पण लाईट गेली की हे पॅनेलही बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हात. यात बिघाड काही नाही. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून उलटा शॉक बसू नये म्हणून ग्रिड, म्हणजे जाळ्यातली वीज, गेले की पॅनेलचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) थांबलाच पाहिजे, असा नियमच आहे. अंधारात उपयोग हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. विकणारे हे नेहमी सांगतातच असे नाही.

दुसरा गैरसमज पावसाळ्याचा. स्वच्छ दिवसांत एक किलोवॉट पॅनेल आपल्याकडे रोज चार युनिट देते. जुलैत आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही तेव्हा ते दोनवर येते, कधी एकावर. आणि तुमची ग्रिडची वीजही नेमकी तेव्हाच जाते. म्हणून मांडणी जुलैवर करायची, जानेवारीवर नाही. तुमच्या वाडीचा हिशेब असा होईल: घरटी चार एलईडी दिवे, दोन कमी वॉटचे पंखे, मोबाइल, थोडा वेळ टीव्ही मिळून दिवसाला साधारण एक युनिट. फ्रिज धरला तर आणखी एक. संकटकाळात फ्रिज सोडून दिला तर ४५ युनिट. पिण्याच्या पाण्याचा पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास चालवला की साडेसात युनिट. रस्त्यावरचे चार दिवे आणि एका सामाईक खोलीत मासे-औषधे ठेवायला एक मोठा फ्रीजर धरला की साठाच्या घरात आकडा जातो. दोन युनिटने भागले तर ३० किलोवॉट पॅनेल लागतात. जागा सुमारे तीनशे चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठे. बॅटरी किमान एका रात्रीची आणि एका अंधाऱ्या दिवसाची, म्हणजे ८० ते १०० युनिटची. आणि सोबत एक लहान डिझेल जनरेटर, कारण पाच दिवस आभाळ बंद राहिले तर बॅटरी भरायला दुसरा मार्ग नाही. एक लिटर डिझेल, जनरेटर भरल्या लोडवर असेल तर, तीन-साडेतीन युनिट देते. लिटरला नव्वदच्या भावाने युनिटला २६ ते ३० रुपये पडतात. नुसता जनरेटर रात्रभर चार दिव्यांसाठी चालवला तर तो निम्मे डिझेल वाया घालवतो आणि आतून काजळी धरतो. म्हणून तो दिवसातून दोन-तीन तासच, पूर्ण लोडवर, बॅटरी भरण्यासाठी चालवायचा.

पवनचक्की का नको, असे कोणी विचारेल, कारण पावसाळ्यात वारा भरपूर. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या आहेतच. पण ४५ घरांसाठी छोटी पवनचक्की खाऱ्या हवेत सांभाळायला जो माणूस लागतो तो तुमच्याकडे नाही. मी ती घेणार नाही.

पॅनेल घेताना खाऱ्या हवेच्या चाचणीचे, म्हणजे आयईसी ६१७०१ चे प्रमाणपत्र मागा. सांगाडा गरम झिंकात बुडवलेला, नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. ३०४ प्रत किनाऱ्यावर डाग धरते. सांगाडा वाऱ्यासाठी आयएस ८७५ प्रमाणे काढलेला हवा आणि त्यावर अभियंत्याची सही हवी. उंच, डौलदार सांगाडे टाळा. जमिनीलगत, कमी कोनात ठेवलेली पॅनेल वादळात राहतात. शेजारी माड नको.

लोड कोणी किती वापरायचा, हे मात्र यंत्र ठरवू शकत नाही. स्कॉटलंडच्या एग बेटावर शंभरएक माणसांनी २००८ मध्ये पाणी, वारा आणि सूर्य यांवर आपले स्वतंत्र जाळे उभारले. तिथे प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉटची आणि व्यवसायाला दहा किलोवॉटची मर्यादा आहे. ती ओलांडली की पुरवठा तुटतो. जाळ्याची देखभाल बेटावरचेच प्रशिक्षित लोक करतात. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात दरेवाडीला २०१२ मध्ये सुमारे चाळीस घरांसाठी ९.४ किलोवॉटचे सौर जाळे झाले. घरटी मीटर आणि गावाची समिती हा त्याचा कणा होता. तुमच्याकडे संकटकाळात घरटी ३०० वॉटची मर्यादा ठेवावी असे मला वाटते. इस्त्री, गिझर, मिक्सर बंद. मर्यादा लहान एमसीबीने, म्हणजे जास्त लोड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचने, घालावी, भिडेने नाही. नात्यागोत्याच्या वाडीत भीड पडते आणि दुसऱ्या रात्रीच बॅटरी रिकामी होते.

अशी सौर जाळी बंद का पडतात? बॅटरी संपते आणि नवीसाठी पैसे नसतात. घरटी महिना १०० रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर वर्षाला ५४,००० होतात, दहा वर्षांत ५ लाख ४० हजार. हे खाते पहिल्या महिन्यापासून चालू हवे. बॅटरी मेल्यावर वर्गणी काढायला निघालात तर मुंबईकर मंडळींकडे हात पसरावे लागतील, आणि तेही एकदाच मिळतील.

तर माझा सल्ला मधल्या मार्गाचा आहे. ग्रिड सोडू नका. वर्षातले अकरा महिने तीच स्वस्त आणि पुरेशी. सौर-बॅटरीचे जाळे त्याच्याच तारांवर उभे करा, मात्र वाडीच्या तोंडाशी असा स्विच बसवा की ग्रिड गेले की वाडी त्यापासून पूर्ण तुटेल आणि मगच बॅटरीवर येईल. हा स्विच वीज कंपनीच्या मंजुरीनेच बसवायचा. गावच्या इलेक्ट्रिशियनने परस्पर केलेला जुगाड लाईनवरच्या माणसाचा जीव घेतो. एवढे एकच वाक्य तुम्ही लक्षात ठेवलेत तरी मला समाधान आहे.

राहिली माणसांची आणि सामानाची बाजू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, खाडी फुगलेली असते. तुटलेला जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, बदलायला लाईनमन येणार तो कशाने? म्हणून सामान मेअखेरच्या आत वाडीतच हवे. एखाद्या पडवीत कुलूप लावून दोन खांब, शंभर-दीडशे मीटर तार, डझनभर इन्सुलेटर, फ्यूज वायर, दोन अरेस्टर, जंपरचे क्लॅम्प एवढे ठेवता आले तर तीन दिवसांचे काम चार तासांवर येते. रोहित्राचेही असेच. १०० केव्हीए क्षमतेचे (केव्हीए हे रोहित्राच्या क्षमतेचे माप) एकच मोठे रोहित्र चार-पाचशे किलोचे. ते जळले तर दोन होड्या जोडून वर फळ्या टाकून आणावे लागते आणि पावसात ते शक्यच नसते. त्याऐवजी २५ केव्हीएची तीन लहान रोहित्रे वेगवेगळ्या टोकांना लावली तर एक जळले तरी बाकीची वाडी उजेडात राहते, आणि बदली रोहित्र आठ माणसे खांद्यावर वाहून नेऊ शकतात.

माणूस वाडीतलाच हवा. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला एखादा मुलगा किंवा मुलगी वाडीत असेल, नसेल तर पाठवा. त्याला करारावर घेऊन परमिट, म्हणजे लाईन बंद असल्याची लेखी परवानगी, घेण्या-देण्याचे प्रशिक्षण द्यायला सांगा. हातमोजे, डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवायची काठी), पट्टा, हेल्मेट दिल्याशिवाय त्याला खांबावर चढू देऊ नका, कितीही घाई असली तरी. वादळात मोबाइलचा टॉवरही चार-सहा तासांत बॅटरी संपून बंद होतो, त्यामुळे "सबस्टेशनने लाईन बंद केली आहे का" हे विचारायला फोन लागत नाही आणि अशाच वेळी अपघात होतात. टॉवरला तुमच्या सौर जाळ्यातून जोडणी देता आली तर कंपनीकडून भाडेही मिळेल आणि फोनही चालू राहील.

प्रस्ताव करताना दोन वेगळे करा. इन्सुलेटर, एबी केबल, फिडरचे तुकडे आणि लहान रोहित्रे यांचा प्रस्ताव वीज कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे. सौर-बॅटरीचा प्रस्ताव महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था) आणि जिल्हा नियोजन समितीकडे. दोन्हींना ग्रामसभेचा ठराव, सातबारासह तीन गुंठे जागेचे संमतीपत्र आणि गेल्या दोन पावसाळ्यांतल्या खंडांची नोंद जोडा. नोंद वहीत साधी ठेवा: तारीख, वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, कारण कळले असल्यास ते. अभियंत्याला तक्रारीपेक्षा अशी वही जास्त हलवते, कारण तिच्यावरून अंदाजपत्रक करता येते. यंदाच्या पावसापासून ती सुरू करा. दिवाळीपर्यंत झालेली पाने आणि खांबांचे फोटो मला दाखवलेत तर कोणते खांब आधी घ्यायचे ते मी खुणा करून देईन.